जुन्या संगणकांचा पडदा : एका विसरलेल्या पर्वाचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी इतिहासाचा विषय निवडावयाचा, तर पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत विषयांचा तुटवडा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत डिचोली, सत्तरी आणि १७८८ साली पेडणे पोर्तुगीज अमलाखाली गेले व ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. सावंतवाडीकरांचे राजकारण, देवस्थाने, मोडी दप्तरे यांवर जाणकारांनी लिहिले आहे आणि पुढेही लिहितील. आज मी ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहे तो मात्र उपस्थितांपैकी पुष्कळांच्या हयातीतला आहे, आणि तरीही दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदांपेक्षा तो अधिक वेगाने नाहीसा होत आहे. घराघरांतील पहिले व्हिडिओ गेम, शाळांतील पहिले संगणक आणि त्यांचे चित्र ज्या पडद्यावर उमटत असे तो पडदा, यांचा हा इतिहास आहे.

त्याकडे वळण्याचे कारण साधे आहे. शाळेच्या कोठीतून वा घराच्या माळ्यावरून एखादा जुना संगणक खाली काढला जातो. वीज दिली की त्याचा दिवा लागतो, ओळखीचा आवाजही येतो. मग कोणी तरी त्याची तार दिवाणखान्यातील नव्या सपाट दूरचित्रवाणी संचाला जोडतो. पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते, किंवा एक थरथरणारे, विस्कटलेले चित्र दिसते. निष्कर्ष तत्काळ निघतो : यंत्र मेले. दुसऱ्या दिवशी ते भंगारवाल्याच्या टेम्पोत असते. हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा असतो. यंत्र बोलत असते. त्याची बोली समजणारा पडदा घरात उरलेला नसतो. ही बोली कोणती, ती कशी बदलली, आणि दोहोंमध्ये दुभाषी उभा करता येतो की नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आरंभ दूरचित्रवाणीपासून करावा लागेल, कारण पहिल्या घरगुती संगणकांना स्वतःचा पडदा नव्हताच. दिल्लीस १९५९ साली आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी रंग आला. १९८३ साली इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ पासून देशभर एकामागून एक प्रक्षेपक उभे राहिले. गोव्यात डोंगर आणि दऱ्या यांमुळे एका वाड्यावर स्वच्छ चित्र आणि टेकडीपलीकडच्या वाड्यावर नुसती ‘मुंगी’, असा प्रकार नित्याचा. अँटेना उंच बांबूवर वा लोखंडी नळीवर चढवून ‘आता बरे दिसते का?’ असे छपरावरून ओरडणे हा त्या काळातील एक स्वतंत्र कौटुंबिक विधीच होता.

त्या काचेच्या नळीत चित्र कसे उमटत असे ते थोडे समजून घेतले पाहिजे. नळीच्या मागील टोकाकडून येणारा इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढतो, परत येतो, खालची रेघ ओढतो. भारताने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत एका पूर्ण चित्राच्या ६२५ रेघा, आणि सेकंदास अशी २५ चित्रे. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण पुढील सारा घोटाळा याच्याभोवती फिरतो. ही ६२५ रेघांची चित्रे सलग काढली जात नसत. आधी विषम रेघा, मग त्यांच्या मधल्या सम रेघा, असे दोन अर्धचित्रांचे विणकाम होत असे. त्यामुळे सेकंदाला ५० अर्धचित्रे पडद्यावर येत आणि डोळ्यास लुकलुक कमी जाणवे.

संगणक घडविणाऱ्यांनी या व्यवस्थेत एक चतुर खोडी केली. प्रत्येक अर्धचित्रात तीनशे साडेबारा रेघा येतात, आणि त्या अर्ध्या रेघेमुळेच पुढचे अर्धचित्र मधल्या फटींत जाऊन बसते. ६२५ चे अर्धे म्हणजे ३१२ रेघा आणि वर अर्धी रेघ. बहुतेक घरगुती संगणक ती अर्धी रेघ गाळून नेमक्या ३१२ रेघा पाठवीत. झोत प्रत्येक वेळी त्याच जागी परत येई, विणकाम होत नसे, आणि अक्षरे न थरथरता स्थिर राहत. ही खोडी त्या काळच्या काचेच्या नळीला बिनतक्रार मानवली.

आता यंत्रांकडे येऊ. इंग्लंडात सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ साली स्पेक्ट्रम हा छोटा संगणक आणला. रबरी कळा, उभ्याआडव्या २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचे चित्र आणि कॅसेटवरून कार्यक्रम भरण्याची सोय. त्याच्या पुढील आवृत्तीची, स्पेक्ट्रम प्लसची, परवान्याने भारतातही निर्मिती झाली. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचा ‘डीबी स्पेक्ट्रम’ ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे विकला जाई. मूळ स्पेक्ट्रम आपले चित्र एका लहानशा प्रक्षेपकातून यूएचएफ पट्ट्यातील ३६ क्रमांकाच्या वाहिनीवर पाठवी, जणू घरातच एक चिमुकले दूरदर्शन केंद्र! दूरदर्शनचे प्रक्षेपण मात्र तेव्हा व्हीएचएफ पट्ट्यात होते आणि येथील पुष्कळ संचांना यूएचएफ पकडण्याची सोयच नसे. इंग्लंडहून थेट आलेल्या यंत्राला म्हणूनच परदेशी संच शोधावा लागे.

परदेशी संच गोव्यात दुर्मीळ नव्हते. आखातात नोकरीस असलेला मुलगा आणि बोटीवर असलेला काका यांच्या सामानाने आपल्या घरांचा विद्युत-इतिहास घडविला आहे, याची नोंद अद्याप कोणी नीट घेतलेली नाही. आखातातून येणारे बहुपद्धती संच पाल, सेकाम आणि एनटीएससी या तिन्ही पद्धती ओळखत. एखाद्याने जपानी बंदरातून व्हिडिओ गेम आणलाच, तर तो ५२५ रेघांच्या आणि सेकंदास ६० अर्धचित्रांच्या एनटीएससी पद्धतीचा असे. साध्या भारतीय संचावर त्याचे चित्र रंगहीन दिसे आणि खालून वर सरकत राही. मागची ‘व्हर्टिकल होल्ड’ची गुंडी फिरवून ते स्थिर करावे लागे. चवथीला मूळ घरी जमलेल्या मुलांमध्ये ही गुंडी फिरविता येणाऱ्याला केवढा मान असे ते त्या पिढीला विचारावे.

नव्वदच्या दशकात हा प्रश्न एका वेगळ्याच मार्गाने सुटला. निन्तेन्दोच्या १९८३ च्या फॅमिकॉम या जपानी यंत्राच्या स्वस्त नकला बाजारात आल्या. ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ ही नावे ऐकून येथील काही पालकांच्या चेहऱ्यांवर हसू उमटलेले मला दिसते आहे. या नकलांपैकी अनेकांत तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिप असत, आणि त्यांतील युक्ती वाखाणण्याजोगी आहे. चिप ५० अर्धचित्रांच्या पद्धतीचे चित्र देई, पण वाढीव रेघांचा काळ अशा ठिकाणी घाली की जपानी खेळांचा अंतर्गत हिशेब बिघडू नये. खेळ चालत, रंग दिसत. फक्त सारे काही मूळच्या पाचषष्ठांश वेगाने होई. आपल्या मुलांनी जो मारिओ पाहिला तो जपानी मुलांच्या मारिओपेक्षा संथ होता! नकलेला कायद्याने काय म्हणावे हा प्रश्न वेगळा; परंतु दोन पद्धतींत सांधा जुळविणारी, आपल्या घरांत शिरलेली पहिली दुभाषी यंत्रणा तीच, असे मला वाटते.

शाळांचा इतिहास याहून गंभीर आहे. १९८४–८५ साली केंद्र शासनाने ‘क्लास’ नावाची संगणक-साक्षरता योजना आखली. सुमारे अडीचशे शाळांपासून आरंभ झाला आणि कालांतराने देशातील अडीच हजारांवर शाळा तिच्यात आल्या. यासाठी निवडलेले यंत्र म्हणजे एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो. ब्रिटिश नभोवाणीच्या साक्षरता-कार्यक्रमासाठी १९८१ साली घडविलेला, शाळकरी हातांचा मार सहन करणारा संगणक. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीला त्याचा परवाना मिळाला आणि त्याची भारतीय आवृत्ती ‘युनिकॉर्न’ या नावाने निघाली. ३२ किलोबाइट स्मृती! आज एका छायाचित्राला याच्या शंभरपट जागा लागते. आठव्या योजनेच्या काळात त्याची जागा पीसी संगणकांनी घेतली आणि बीबीसी यंत्रे कोठीत गेली.

या यंत्राच्या पाठीमागे चित्रासाठी तीन वेगवेगळ्या खोबण्या होत्या, आणि आजच्या आपल्या विषयात त्यांचे महत्त्व मोठे आहे. पहिली दूरचित्रवाणीच्या अँटेनासाठी, दुसरी साध्या मॉनिटरसाठी. तिसरीत मात्र लाल, हिरवा व निळा या तीन रंगांच्या तीन स्वतंत्र तारा. प्रत्येक तार एक तर चालू, नाही तर बंद. तीन तारांच्या आठ जुळण्या होतात, म्हणून रंग आठ. पहिल्या खोबणीतून येणारे चित्र एकत्र कालवून, लहरीवर चढवून आणि पुन्हा उतरवून पडद्यावर पोहोचे, आणि त्या प्रवासात अक्षरांच्या कडा विरघळत. तिसऱ्या खोबणीतून मात्र संगणकाच्या मनातले चित्र जसेच्या तसे बाहेर पडे. आज जुने यंत्र जोडू पाहणाऱ्याने सर्वप्रथम ही तिसरी खोबण शोधावी. चित्र उगमाशीच गढूळ असेल तर पुढचे महागडे उपकरणही ते निवळू शकत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. गोव्यात १५५६ साली छापखाना आला, भारतातला पहिला. पण फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते रोमन अक्षरांत. भाषा मराठी, ओवी मराठी, परंतु देवनागरीचे खिळे नव्हते. जे साधन शेवटी अक्षर उमटवते त्याच्या मर्यादेपुढे भाषेला नमते घ्यावे लागते, हे गोमंतकाने चारशे वर्षांपूर्वी पाहिले आहे. संगणकाच्या पडद्यावर हीच गोष्ट पुन्हा घडली. आरंभीच्या पीसी संगणकांना देवनागरी ठाऊक नव्हती. कानपूरच्या आयआयटीत संशोधन झाले, १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, आणि ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवून मराठी अक्षरे पडद्यावर आणता येऊ लागली. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने इस्की ही संकेतपद्धती प्रमाण ठरविली. त्या काळी फ्लॉपीवर साठविलेल्या इस्की मजकुराचे आज युनिकोडमध्ये रूपांतर करता येते, त्यामुळे मजकूर वाचेल. परंतु ती ठिपक्याठिपक्यांची देवनागरी प्रत्यक्ष कशी दिसे, जोडाक्षरे कोठे मोडत आणि कोठे जुळत, हे पाहावयाचे तर ते कार्ड बसविलेला संगणकच सुरू करावा लागतो आणि त्याला पडदा द्यावा लागतो. मराठी लिपीच्या इतिहासातील हे एक पान आहे, आणि ते जपण्याचे काम दुसऱ्या कोणत्याही भाषेचे लोक आपल्यासाठी करणार नाहीत.

पीसी संगणकांनी स्वतःचा मॉनिटर आणला आणि दूरचित्रवाणीशी नाते तोडले. १९८७ साली आयबीएमने व्हीजीए ही पद्धती आणली. तिच्यात सेकंदाला साधारण ३१,५०० रेघा, म्हणजे जुन्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. घरगुती यंत्रांचे १५,६२५ रेघांचे चित्र या मॉनिटरला समजत नसे. २००० नंतर परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने गोव्यातील शाळांना वापरलेले संगणक मिळवून देण्याचा उपक्रम झाला, राज्य शासनाने विद्यार्थ्यांसाठी ‘सायबरएज’ योजना आणली, आणि आपल्या तालुक्यांतील घरोघरी जे पडदे पोहोचले ते याच व्हीजीए जातीचे. त्यांचा जोड अजूनही फारसा अवघड नाही.

खरा खंड पडला तो सपाट पडद्यांमुळे. सपाट पडद्यात झोत नाही, रेघा ओढणे नाही; ठरावीक संख्येचे ठिपके, बहुधा उभे १०८०, एकाच वेळी प्रकाशतात. एचडीएमआय या अंकीय जोडाची पहिली संहिता २००२ सालची. पुढे संचांवरील जुन्या खोबण्या एकेक करून गळाल्या, काचेच्या नळ्यांचे कारखाने बंद झाले, आणि २०२२ पर्यंत दूरदर्शननेही आपले जुने भूप्रक्षेपण जवळजवळ सर्वत्र थांबविले. एखाद्या सपाट संचावर पिवळ्या तारेची खोबण शिल्लक असली तरी तो संच असे गृहीत धरतो की येणारे चित्र विणलेलेच असणार. अर्धी रेघ गाळण्याची ती जुनी खोडी त्याला कळत नाही. तो नसलेले विणकाम उसवू पाहतो. म्हणून सरकत्या आकृतींना कंगव्यासारखे दात फुटतात, बारीक ठिपके लुकलुकतात. शिवाय हा विचार करण्यात तो वेळ घेतो. कळ दाबल्यावर मारिओ क्षणभर उशिरा उडी मारतो आणि खड्ड्यात पडतो.

यावरचा उपाय म्हणजे स्केलर. नाव परके असले तरी काम ओळखीचे आहे. मोडी कागद आणि केवळ बाळबोध वाचणारा यांच्या मध्ये मोडी जाणणारा बसतो, तसा हा बसतो. तो येणारी प्रत्येक रेघ मोजतो, तिच्यातील ठिपके टिपून घेतो, ती दोनदा, तिनदा, पाचदा लिहितो आणि नव्या पडद्याला अंकीय रूपात देतो. मोडी वाचणारे जसे दोन प्रकारचे, तसे स्केलरही. एक सारा कागद वाचून मग अर्थ सांगतो : जपानच्या मायकोमसॉफ्ट कंपनीचा ‘फ्रेममायस्टर’ हा असा, संपूर्ण चित्र स्मृतीत घेऊन मोठे करणारा. त्यात जवळपास एका चित्राएवढा विलंब होई. दुसरा ओळीमागून ओळ सांगत जातो : फिनलंडमधील मार्कुस हिएनकारी यांनी रचलेला ओएसएससी. त्याचा विलंब रेघेच्या हिशेबातला, म्हणजे माणसाला न जाणवणारा. पण सेकंदाला पन्नास चित्रांचा हा ओघ प्रत्येक संचाला पचेलच असे नाही. त्याचा आराखडा आणि आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवण्यात आली आहे. पुढे अमेरिकेतील माइक ची यांच्या ‘रेट्रोटिंक’ मालिकेने या दोहोंचे गुण बऱ्याच अंशी एकत्र आणले. त्यातील ४के पडद्यासाठीचे उपकरण २०२३ सालचे. ही उपकरणे महाग आहेत. चीनमध्ये खेळयंत्रांच्या दुरुस्तीसाठी बनणारी जीबीएस-८२०० ही स्वस्त पाटी आणि तिच्यासाठी हौशी मंडळींनी लिहिलेली नवी आज्ञावली, हा आपल्या खिशाला परवडणारा मार्ग.

बीबीसी मायक्रोच्या बाबतीत तर याहून नेटका उपाय निघाला. त्या यंत्राच्याच इंग्रज चाहत्यांनी रास्पबेरी पाय झीरो या तळहाताएवढ्याही नसलेल्या संगणकाला एक लहान जोडपाटी लावून ‘आरजीबी-टू-एचडीएमआय’ घडविले. तिसऱ्या खोबणीच्या तीन तारा मुळातच चालू-बंद स्वरूपाच्या. म्हणून येथे अंदाजाचे काम नाही. योग्य क्षणी तार पाहिली की मूळ ठिपका नेमका मिळतो. या यंत्राचा नेहमीचा ठिपका सेकंदाच्या एक कोटी साठ लाखाव्या भागाचा, आणि अक्षरांचा सातवा प्रकार मात्र एक कोटी वीस लाखाव्या भागाचा. जोडपाटी हा फरक ओळखून स्वतःला जुळवून घेते. परिणामी चाळीस वर्षांपूर्वीचे चित्र आज जितके स्वच्छ दिसते तितके ते १९८५ साली वर्गातील विद्यार्थ्याला कधीच दिसले नसेल.

आणि येथेच एका मतभेदाचा उल्लेख करावयास हवा. काही जाणकार म्हणतात, इतके स्वच्छ चित्र हा इतिहासाचा विपर्यास आहे. त्या काळचे चित्रकार काचेच्या नळीवर रंग किंचित विरघळतात हे जाणून ठिपके मांडीत. सपाट पडद्यावर ती कला उघडीनागडी होते. आक्षेप खरा आहे, म्हणून गावात कोणाकडे चालू स्थितीतला जुना संच असेल तर तो मोडीत काढू नये अशी माझी विनंती आहे. दुसरा आक्षेप असा की, आता या सर्व यंत्रांचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावल्या फुकट मिळतात, मग लोखंड कशाला जपावे? खेळ खेळावयाचा असेल तर तेवढे पुरे. परंतु शाळेच्या कपाटातील फ्लॉपीवर १९८९ च्या कोणा विद्यार्थ्याने काय लिहून ठेवले आहे ते अनुकरणाला ठाऊक नसते. ते वाचावयास यंत्र लागते आणि पाहावयास पडदा लागतो.

म्हणून ज्या शाळांच्या कोठीत अशी यंत्रे असतील त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे बोलतो. वीज जोडण्याची घाई करू नये. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यात मुख्य तारेवर बसविलेले गाळणी-कपॅसिटर असतात. त्यांच्या पारदर्शक आवरणाला काळाने तडे जातात, आपल्याकडील दमट हवा आत शिरते, आणि वीज देताच काही मिनिटांत ते फुटून खोलीभर उग्र धूर करतात. यंत्राला सहसा इजा होत नाही, पण पाहणारे घाबरून ते फेकून देतात. आधी हे सुटे भाग बदलून घ्यावेत. रेडिओ दुरुस्त करणारा कोणीही माहितगार माणूस ते करू शकतो. फ्लॉपी उजेडात धरून पाहाव्यात. कोकणच्या चार महिन्यांच्या पावसाने त्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके आले असतील तर त्या तशाच यंत्रात घालू नयेत. एकाची बुरशी यंत्राच्या वाचक-टोकाला लागते आणि पुढच्या दहा फ्लॉपी खरवडते. स्केलरचा खर्च या सर्वांनंतरचा आहे, आणि एक उपकरण तालुक्यातील चार शाळांना मिळून पुरेल. यंत्र सुरू झाले की पहिल्या दिवशी खेळ नको. हाती येतील त्या सर्व फ्लॉपींच्या प्रती काढून घ्याव्यात, प्रत्येकीवर शाळेचे नाव आणि सापडल्याची तारीख लिहावी, आणि पडद्यावर जे दिसते त्याची छायाचित्रे शाळेच्या दप्तरात, हजेरीपटांशेजारी, लावून ठेवावीत.